ग्रेट ब्लास्केटची शाळा : १८६४ ते १९४१

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी काउंटी आहे. तिथल्या डिंगल द्वीपकल्पाच्या अगदी शेवटी डून खीन हे गाव. त्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर अटलांटिकमध्ये एक लांबट, डोंगराळ बेट दिसते. त्याचे नाव ग्रेट ब्लास्केट. लांबी पाच-सहा किलोमीटर, रुंदी किलोमीटरच्या आसपास, आणि मुख्य भूमीचे सर्वांत जवळचे टोक दोनएक किलोमीटरवर. अंतर थोडे असले तरी समुद्र असा की हिवाळ्यात कित्येक आठवडे होडी लागत नसे. बेटावर झाड नाही, दुकान नाही, चर्च नाही, डॉक्टर नाही. कापडावर डांबर फासून केलेल्या हलक्या नावा, तिथे त्यांना 'नेव्होग' म्हणत, एवढाच काय तो जगाशी संबंध. अशा ठिकाणी सत्त्याहत्तर वर्षे एक सरकारमान्य प्राथमिक शाळा चालली.

या शाळेचा इतिहास मराठी स्मरणिकेत यावा असे मला मनापासून वाटते. कमी पटाच्या, एक-दोन शिक्षकांच्या शाळेत जे शिकले किंवा ज्यांनी तिथे शिकवले, त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाही. शिवाय जगातल्या फार थोड्या खेडेगावांतल्या शाळांचे बालपण इतक्या तपशिलाने लिहिले गेले आहे. ते लिहिले तिथल्याच मुलांनी, मोठे झाल्यावर.

स्थापना

आयर्लंडमध्ये १८३१ साली राष्ट्रीय शाळांची योजना सुरू झाली. त्याआधी खेड्यातली मुले कुंपणाआड, गोठ्यात किंवा उघड्यावर भरणाऱ्या खासगी शाळांत शिकत. कॅथलिकांच्या शिक्षणावर जुन्या कायद्यांनी जी बंधने घातली होती, त्यांतून त्या शाळा जन्मल्या होत्या. नव्या योजनेत सरकार इमारतीच्या खर्चाचा मोठा वाटा आणि शिक्षकाचा पगार देऊ लागले, तर व्यवस्थापन बहुधा गावच्या धर्मगुरूकडे राहिले.

ब्लास्केटवर १८४० च्या सुमारास प्रोटेस्टंट मिशनने एक शाळा काढली होती. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाचा काळ ओसरल्यावर ती बंद पडली. पुढे १८६४ मध्ये राष्ट्रीय शाळा उघडली आणि बेटावरच्या मुलांना पहिल्यांदा कायमची शाळा मिळाली. एक साधी दगडी इमारत, एक खोली, एक शेगडी. तिच्यात जळायचा तो डोंगरावरच्या दलदलीतून कापून, वाळवून आणलेला पीट. आयर्लंडभर खेड्यातली मुले सकाळी काखेत पीटची एक-एक वीट घेऊन शाळेत जात. शाळेची ऊब ही त्या घरांची रोजची वर्गणीच होती.

पहिली पिढी

शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तोमास ओ क्रोहन हा आठ-दहा वर्षांचा मुलगा होता. घर कोळ्यांचे, भाषा आयरिश. त्याने पुढे आत्मचरित्र लिहिले आणि त्यात शाळेचे पहिले दिवस नोंदवून ठेवले. मुख्य भूमीवरून नावेतून आलेली पहिली बाई, भिंतीवरचा काळा फळा, अनोळखी अक्षरे आणि शेजारी बसलेला दांडगा सोबती, हे सगळे त्या नोंदींत आहे. हा सोबती पुढे बेटाचा 'राजा' म्हणून ओळखला गेला. ब्लास्केटवर राजा ही मानाची पदवी होती. बेटाच्या वतीने बोलणारा, तंटे सोडवणारा, शहाणा माणूस तो राजा. पाद्रिग ओ काहान हा असा राजा झाला आणि टपालही तोच आणू लागला. शाळेत मिळालेली अक्षरओळख त्याने गावाच्या कामी लावली.

तोमासच्या आठवणींतला सर्वांत जिवंत प्रसंग तपासणीचा आहे. आपल्याकडे जुन्या पिढीला दिपोटीसाहेब म्हटले की जे आठवते, तेच तिथे. साहेब आला तो चष्मा लावून. बेटावरच्या मुलांनी चष्मा कधी पाहिलेला नव्हता. दोन डोळे आणि त्यांवर आणखी दोन, असा माणूस समोर उभा! पोरे घाबरली, एकमेकांना कोपराने ढोसू लागली. तोमासने हे लिहिले तेव्हा तो म्हातारा झाला होता, पण त्या भेदरलेल्या वर्गाचा श्वास वाचणाऱ्याला ऐकू येतो.

शिक्षक टिकवणे अवघड होते. मुख्य भूमीवरून आलेला माणूस सवयीचे अन्न, सोबत आणि चर्च सोडून येई. काहींना काही महिन्यांतच परतावेसे वाटे, कोणी लग्न ठरले म्हणून जाई. मधल्या काळात शाळेला कुलूप लागे आणि मुले पुन्हा खडकांवर खेकडे शोधत, गाढवांमागे फिरत, सशांच्या बिळांवर कुत्री सोडत हिंडत. नवा शिक्षक आला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तरी मुले शिकली. समुद्राने आणि परिस्थितीने शिक्षण पुनःपुन्हा तोडले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ते जोडले. या शाळेचे पहिले मोठेपण मी यात मानतो.

घरची भाषा आणि फळ्यावरची भाषा

या शाळेत सुरुवातीला शिकवले जाई ते इंग्रजीतून. मुलांना घरी इंग्रजीचा शब्दही कानी पडत नसे. राष्ट्रीय शाळांच्या योजनेत आयरिशला जागा नव्हती, आणि आयरिश भाषिक भागातल्या शाळांनाही तोच नियम लागू होता. १८७२ पासून शिक्षकाच्या पगाराचा एक भाग वार्षिक परीक्षेच्या निकालावर अवलंबून राहिला आणि ही पद्धत शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. त्यामुळे परीक्षेत जे विचारले जाई तेवढेच घोकून घेण्याकडे शिक्षकांचा कल राहिला. आईबापांचाही इंग्रजीला विरोध नव्हता. मुले उद्या अमेरिकेला जाणार, तिथे इंग्रजीच लागणार, हे त्यांना ठाऊक होते.

बदल हळूहळू आला. १८७९ पासून शाळेच्या वेळेबाहेर आयरिश हा जादा विषय म्हणून शिकवण्याची मुभा मिळाली. १९०४ मध्ये आयरिश भाषिक भागांसाठी द्वैभाषिक अभ्यासक्रम आला. स्वतंत्र राज्य स्थापन होत असताना, १७ मार्च १९२२ पासून, देशभरच्या प्राथमिक शाळांत रोज किमान एक तास आयरिशसाठी ठरवण्यात आला. १९३३ मध्ये तर आयरिश बोलणाऱ्या घरातल्या शाळकरी मुलांसाठी वर्षाला दोन पौंडांचे अनुदान सुरू झाले. जी भाषा आजोबांना वर्गाबाहेर ठेवावी लागली, तिच्यासाठी नातवंडांच्या घरी सरकारी पैसे येऊ लागले.

या बदलाचे सर्वांत हृद्य उदाहरण पुन्हा तोमासच आहे. शाळेत तो इंग्रजी वाचायला शिकला. स्वतःची भाषा त्याला लिहिता-वाचता येत नव्हती. वयाच्या चाळिशीच्या आसपास तो डून खीनला गेला की वादळामुळे कधी कधी तिथेच अडकून पडे. तिथे तो ज्या घरी थांबे, त्या घरातली मुले शाळेत आयरिश शिकत होती. त्यांच्या पुस्तकांवरून तो आपल्याच भाषेची अक्षरे शिकला. प्रौढ कोळ्याचे गुरू झाली ती शाळकरी पोरे. आयरिश गद्यातला एक श्रेष्ठ ग्रंथ या अक्षरओळखीतून पुढे उभा राहिला.

गावाची एकमेव सार्वजनिक खोली

बेटावर चर्च नव्हते. रविवारी लोक नावांतून डून खीनला प्रार्थनेसाठी जात. समुद्र खवळलेला असला की सारा गाव शाळेच्या खोलीत जमे आणि जपमाळ म्हणे. सोमवारी त्याच बाकांवर मुले बसत. म्हणजे शाळा हे एकाच वेळी विद्यामंदिर, प्रार्थनास्थळ आणि चावडी होते. लहान गावात शाळेची इमारत किती जणांची असते हे पटावरून कधीच कळत नाही.

वर्गाच्या दारातून समुद्र दिसे, आणि समुद्रावर जे घडे ते अभ्यासापेक्षा मोठे असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, 'क्वेब्रा' नावाचे मालवाहू जहाज ब्लास्केटजवळ बुडाले आणि किनाऱ्यावर लाटांबरोबर सामान येऊ लागले. कापसाचे गठ्ठे, खाण्याच्या वस्तू, कधीही न पाहिलेले जिन्नस! त्या दिवसांत बेटावरचे कोणतेही मूल भूगोल शाळेत शिकले नसेल. युद्ध म्हणजे काय आणि जगात किती वस्तू असतात, हे ते वाळूत उभे राहून शिकले.

शाळेत आणि शाळेबाहेर, दोन्ही ठिकाणी शिकण्याची ही मुभा मुलांना मोठ्यांनीच दिली होती. संध्याकाळी ती कोणाच्या तरी घरी शेगडीपुढे बसत आणि गोष्टी ऐकत. त्या शेगडीपुढची सर्वांत मोठी कथनकार पेग सेयर्स. तिचा जन्म १८७३ मध्ये डून खीनचा, शाळा तिथलीच. लहान वयातच शाळा सोडून ती डिंगलला घरकामाला लागली आणि लग्न होऊन ब्लास्केटवर आली. तिला आयरिश लिहिता येत नव्हते, पण शेकडो कथा मुखोद्गत होत्या. दिवसा फळा आणि रात्री पेग, असे दुहेरी शिक्षण मिळालेली मुले होती ती.

शाळेतल्या शिक्षिकांनाही या बेटाने लिहायला लावले. नोरा ओशे या तरुण शिक्षिकेने इथे काही वर्षे शिकवले आणि १९४० मध्ये बेटावरच्या आयुष्याविषयी आयरिशमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. बाहेरून येऊन मुलांत रमलेल्या बाईचे मन त्यात दिसते. शाळेच्या इतिहासात शिक्षकांची बाजू बहुधा रुजू-सेवामुक्त अशा तारखांपुरती राहते. इथे ती पुस्तकरूपाने उरली.

माजी विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बेटावर वेगळे पाहुणे येऊ लागले. १९०७ मध्ये नॉर्वेचा भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्सट्रांडर आला, १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर, आणि १९२३ मध्ये ग्रीकचा तरुण अभ्यासक जॉर्ज थॉमसन. सारे आयरिश शिकायला आले होते, आणि त्यांचे शिक्षक होते कोळी, म्हाताऱ्या बायका आणि मुले. ज्या भाषेला राष्ट्रीय शाळेने दाराबाहेर थांबवले होते, ती शिकण्यासाठी विद्यापीठांतली माणसे नेव्होगमध्ये बसून येत होती.

१९१७ मध्ये ब्रायन ओ केली हा किलार्नीचा गृहस्थ बेटावर आला. त्याने तोमासला पिएर लोती आणि गॉर्की यांची पुस्तके वाचून दाखवली. कोळ्यांच्या आणि गरिबांच्या आयुष्यातून साहित्य होते, तर मग तूही लिही, असा त्याचा आग्रह. तोमास लिहू लागला. आधी दैनंदिन नोंदी, मग १९२९ मध्ये 'अॅन टिलानाख' हे आत्मचरित्र. राष्ट्रीय शाळेच्या पहिल्या तुकडीतला मुलगा आयरिश साहित्याचा मानबिंदू ठरला. १९३७ मध्ये तो वारला.

दुसरा माजी विद्यार्थी मुरिश ओ सुलिवान. जन्म १९०४, ब्लास्केटवरच. आई लहानपणीच गेली, म्हणून तो डिंगलला वाढला आणि तिथे इंग्रजीच बोलू लागला. सात-आठ वर्षांचा असताना तो बेटावर परतला तेव्हा स्वतःच्या घरची भाषा त्याला येत नव्हती. ती त्याने आजोबांकडून आणि बरोबरीच्या मुलांकडून उचलली. पुढे थॉमसनच्या सल्ल्याने त्याने अमेरिकेचा बेत सोडला, १९२७ मध्ये पोलिसांत भरती झाला आणि आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले. १९३३ मध्ये ते आयरिशमध्ये आले आणि त्याच वर्षी इंग्रजीतही, ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह. शाळा चुकवून डोंगरात भटकणे, पक्ष्यांची अंडी, पहिला होडीप्रवास, सणाच्या रात्री हे सारे त्यात आहे. शाळेपेक्षा शाळेबाहेरचा दिवस मोठा असे हे पुस्तक मोकळेपणाने सांगते, आणि तरीही शिकण्याचे सुख त्यात पानोपानी आहे.

तिसरे नाव पेगचे, जरी ती या शाळेची विद्यार्थिनी नव्हती. तिने सांगितले आणि मुलाने उतरून घेतले, असे तिचे आत्मचरित्र १९३६ मध्ये निघाले. पुढे कित्येक दशके ते आयरिश माध्यमिक शाळांत पाठ्यपुस्तक होते. ज्या मुलीची शाळा लवकर सुटली, तिचे आयुष्य लाखो मुलांच्या अभ्यासक्रमात गेले. दीडशे-पावणेदोनशे वस्तीच्या एका बेटाने एवढे दिले, आणि त्यात त्या लहानशा शाळेचा वाटा आहे असे मी निःसंकोच म्हणतो.

पट उतरू लागतो

१९१६ च्या सुमारास बेटावर सुमारे पावणेदोनशे माणसे होती. त्यानंतर तरुण मुले-मुली निघून जाऊ लागली, बहुतेक अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहराकडे. एक बहीण गेली की ती दुसरीचे तिकीट पाठवी. मासळीचा व्यापार ढासळला. घरे तीच राहिली, लग्ने कमी झाली, बालवर्ग ओस पडत गेला. १९४१ मध्ये पटावर मोजकीच मुले उरली आणि शाळा बंद झाली.

पुढचे सारे फार लवकर घडले. तोमासची सून आयलीश हिने लंडनच्या एका मित्राला वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. ती १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या लहान मुलीला शाळा उरली नाही, या एका गोष्टीने त्या घरावर किती ओझे आले ते पत्रांतून दिसते. १९४२ मध्ये हे कुटुंब बेट सोडून मुख्य भूमीवर गेले. त्याच वर्षी पेगही डून खीनला परतली. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर आणता आला नाही, धर्मगुरूही नाही, आणि तो गेला. एप्रिल १९४७ मध्ये अन्न संपले म्हणून बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. जुलैमध्ये ते स्वतः बेटावर आले.

त्या वर्षी बेटावर एक मूल जन्मले. शाळा सहा वर्षांपूर्वीच बंद झालेली. त्याच्या वयाला सर्वांत जवळचा माणूस त्याच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठा होता. वर्तमानपत्रांनी त्याला जगातले सर्वांत एकटे मूल म्हटले. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी उरलेल्या बावीस जणांचे स्थलांतर सुरू झाले. शाळा बंद झाल्यापासून बारा वर्षांत गाव उठले.

बेट रिकामे होण्याची कारणे पुष्कळ होती, एकट्या शाळेवर ती ढकलता येणार नाहीत. मात्र ज्यांच्या घरात लहान मुले होती, त्यांना थांबण्याचे शेवटचे कारण शाळेबरोबर गेले. तरुण जोडपी गेल्यावर म्हाताऱ्यांनी नावा कोणाच्या बळावर वल्हवायच्या?

समोरच्या किनाऱ्यावर

या शाळेचा इतिहास १९५३ ला संपवणे मला मान्य नाही, कारण तो समोरच्या गावात पुढे चालू राहिला. डून खीनच्या शाळेला स्वतःची परंपरा होती. पेग तिथलीच विद्यार्थिनी. त्याच गावच्या एका मास्तरांचा मुलगा शोसव ओ दाली आयरिश लोककथा आयोगाचा संग्राहक झाला आणि त्याने पेगच्या शेकडो कथा टिपून घेतल्या. याच आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात देशातल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना एक काम दिले : घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. जुने खेळ, औषधे, विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, गावच्या जुन्या शाळा, सगळे. मुलांनी जे जमवले ते सुमारे ७,४०,००० पानांचे झाले. आज ते सर्वांना वाचता येते.

ब्लास्केटचे शेवटचे रहिवासी स्थलांतर करून याच किनाऱ्यावर राहिले होते. शाळा गेल्यावर काय होते ते डून खीनने दारातून पाहिले होते. साठच्या दशकात सरकारचे धोरण एक-दोन शिक्षकी शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत बसने न्यायचे ठरले आणि देशभर अशा शेकडो शाळा बंद झाल्या. १९७० मध्ये डून खीनची पाळी आली. पटसंख्या कमी, म्हणून मुलांनी बॅलीफेरिटरला जावे असा आदेश निघाला. पालकांनी तो मानला नाही. सरकारी पगाराविना स्वयंसेवक शिक्षकांच्या आधाराने त्यांनी शाळा चालू ठेवली, निदर्शने केली, राजधानीपर्यंत मागणी नेली. १९७३ मध्ये सरकार बदलले आणि शाळेला पुन्हा मान्यता मिळाली.

डून खीनच्या पालकांनी मांडलेली बाजू साधी होती. शाळेत आज किती मुले आहेत हे मोजा, पण शाळा नसेल तर उद्या या गावात किती कुटुंबे राहतील तेही मोजा. समोरच्या बेटावर या हिशेबाचे उत्तर त्यांना रोज दिसत होते.

आपल्यापैकी जे कोणी गावच्या शाळेचा इतिहास लिहायला बसतील, त्यांना ब्लास्केटच्या वतीने एक विनंती आहे. निकाल आणि इमारती यांच्या नोंदी सरकारकडे असतात. तपासणीच्या दिवशीची भीती, बाईंची नाव, पीटची वीट, शाळा चुकवलेली दुपार यांच्या नोंदी ब्लास्केटवर माजी विद्यार्थ्यांनीच ठेवल्या, म्हणून ती शाळा आज आपल्याला कळते. गावातल्या सर्वांत वृद्ध विद्यार्थ्याकडे या वर्षी जा. शाळेतल्या मुलांनाच वही देऊन पाठवा. जुने हजेरीपट आणि शेरेबुक रद्दीत जाऊ देऊ नका. आणि पट कमी झाला म्हणून कोणी शाळेला कुलूप लावायला आला, तर डून खीनसारखे एकत्र उभे राहा.